निरोपाचा बेसांव

दुपारी तीन वाजता आमच्या वाडीत दयेची प्रार्थना होते आणि ती मी सांगते. येशूने क्रूसावर प्राण सोडला ती ही वेळ, म्हणून तीन. पाच-सहा बायका, बोटीवरून निवृत्त झालेला एक म्हातारा, आणि पुढे मी. माळेचे मणी ओढत पन्नास वेळा देवाकडे दया मागायची. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यामुळे माझा आवाज खणखणीत आहे, मागच्या बाकावर कुणाला डुलकी लागत नाही. हे मी कौतुक करून घ्यायला सांगत नाही. ज्या वर्षांत मी एका बाईचा छळ केला, त्या वर्षांत माझी एकही दुपार चुकली नाही, एवढंच सांगायचं आहे.

ती बाई माझी वहिनी. माझ्या एकुलत्या एक थोरल्या भावाची बायको.

भाऊ तारकर्लीला पर्यटकांची बोट चालवायचा. माणूस देखणा, गोडबोल्या, आणि दारुडा. वहिनीने पस्तीस वर्षं सोसलं. मग एका दुपारी तिने त्याची बॅग भरून अंगणात ठेवली, आतून कडी लावली आणि खिडकीतून सांगितलं, "दारू सुटली की ये. दार उघडतंय." तो चार घरं ओलांडून आमच्याकडे, आईकडे आला. मी लग्न केलेलं नाही, आईजवळच राहते. आईने त्याला उराशी धरलं आणि सुनेच्या नावाने बोटं मोडली.

आठ महिने तो आमच्याकडे होता. सकाळी त्याचे हात थरथरायचे, चहाची कपबशी वाजायची. ते बघवेना म्हणून आई त्याला एका छोट्या वाटीतून थोडी द्यायची. औषध म्हणून. पुढे वाटीचा पेला झाला. गोव्याहून येताना भाजीच्या पिशवीत खाली बाटली ठेवून मीच दोनदा आणली आहे. तो आमच्या पडवीतल्या खाटेवर, पोट फुगून, पिवळा पडून मेला. त्याला पाजलं आम्ही आणि मारला वहिनीने, असं आम्ही त्याच दिवशी ठरवून टाकलं. ठरवायला वेळ लागला नाही. दोघींपैकी एकीनेही ते मोठ्याने म्हटलं नाही, तरी दोघींचं एकमत होतं.

दफनाच्या वेळी वहिनी मान खाली घालून आईसमोर येऊन उभी राहिली. ती काही मागायच्या आत आई सगळ्यांदेखत म्हणाली, "माझो झील तुया रस्त्यार टाकलंस. माझ्या घरात पाय ठेवू नको." वहिनी तशीच मागे फिरली. मला आठवतं, मला बरं वाटलं. जेवताना चांगली भूक लागली होती.

ती काय मागायला आली होती ते वाडीत सगळ्यांना कळलं होतं. आमच्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळची माळ संपली की धाकट्याने थोरल्यापुढे वाकून म्हणायचं, "बेसांव दी." बेसांव म्हणजे आशीर्वाद. थोरल्याने डोक्यावर हात ठेवायचा, कपाळावर क्रूस काढायचा आणि म्हणायचं, "देव बेसांव घालूंदे." बेसांव न मागता देत नाहीत, आणि मागितला तर नाही म्हणत नाहीत. भांडण असेल तर माणसं समोर जाणंच टाळतात, कारण समोर जाऊन मागितलं की द्यावा लागतो. आणि मरणाच्या दारातल्या माणसाने घरातल्या सगळ्यांत थोरल्याचा बेसांव घेतल्याशिवाय जाऊ नये, असं आमच्याकडे मानतात. उठता येत नसेल तर निरोप पाठवायचा. थोरल्याच्या घरचं माणूस निरोप घेऊन जातं, थोरला त्या माणसाच्याच डोक्यावर हात ठेवतो, आणि ते माणूस मध्ये कुठेही न थांबता, कुणाशी न बोलता, तो बेसांव आजाऱ्याच्या डोक्यावर नेऊन ठेवतं.

यात फादर लोकांचा काही संबंध नाही. हे आमचं आम्ही चालवतो.

भाऊ गेल्यावर सात वर्षं आम्ही वहिनीशी बोललो नाही. एका विहिरीवर, एका चर्चमध्ये, एका बाकाच्या अंतरावर सात वर्षं न बोलता राहणं हे कष्टाचं काम आहे, त्याला शिस्त लागते. मला ती शिस्त चांगली जमली. गुड फ्रायडेपासून ईस्टरनंतरच्या शनिवारपर्यंत नऊ दिवस येशूच्या दयेची तसबीर वाडीत घरोघर फिरते, एकेका घरी एक दिवस. उजवा हात वर केलेला येशू, छातीतून निघालेले एक लाल आणि एक पांढरा असे दोन झोत. आदल्या घरून तसबीर पुढच्या घरच्या माणसाने स्वतः जाऊन आणायची. घरांची यादी मी करायची. सात वर्षं वहिनीचं घर यादीत आलं नाही. कुणी विचारलं नाही, मीही कारण दिलं नाही. रविवारी मुलांना दोत्रीन, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवताना मात्र मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचे: न्याय म्हणजे ज्याचं त्याला देणं, दया म्हणजे ज्याचं नाही त्यालाही देणं. अक्षर माझं वळणदार आहे.

मग वसईकडचा एक तरुण फादर बदली होऊन आला. त्याने पहिल्याच वर्षी यादी स्वतः केली, रस्त्याने घरं जशी लागतात तशी. आठव्या दिवशी वहिनीचं घर, नवव्या दिवशी आमचं. आईचा खुब्याचा सांधा मोडलेला, ती खाट आणि खुर्ची यांच्यापलीकडे जात नव्हती. तसबीर आणायला मला जावं लागणार होतं. मी फादरला म्हटलं, "आमचं घर आधी घ्या." तो म्हणाला, "का?" मी यादी घेऊन निघाले. तो साध्या स्वभावाचा होता की पक्का होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

वहिनीला कर्करोग झालाय हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. शेजारची काकी, आमच्या कुंपणाला लागून तिचं घर आहे, ती हिंदू, पण वाडीतल्या एकूण एक ख्रिस्ती घराची बातमी तिच्याकडे आमच्या आधी असते. ती येऊन सांगायची, आज जेवली नाही, आज ओकली, आता वेंगुर्ल्याची बहीण येऊन राहिली. आई ऐकायची आणि विषय बदलायची. मी ऐकायचे आणि मला अजून ऐकावंसं वाटायचं. ते दुःख नव्हतं. दुसऱ्याचं वाईट चाललंय हे ऐकायला जी एक गोडी असते, ती होती.

ईस्टरनंतरच्या शनिवारी दुपारची प्रार्थना आटपून मी त्या घरी गेले. सात वर्षांनी. बहिणीने दार उघडलं. पुढच्या खोलीत टेबलावर तसबीर, दोन मेणबत्त्या, आणि त्याच खोलीत खाटेवर वहिनी. डोक्याला रुमाल, केस गेलेले, मनगट माझ्या दोन बोटांच्या चिमटीत मावलं असतं. मी तिच्याकडे नीट बघितलं. बघायचंच होतं मला.

ती म्हणाली, "बाय, बस मगे." लग्न होऊन आली तेव्हा मी सतराची होते. तेव्हापासून ती मला बायच म्हणायची.

मी बसले नाही. "तसबीर घेवन जातंय," म्हटलं.

"घेवन जा. पण माझा एक काम कर गो." तिला मध्ये थांबून दम घ्यावा लागत होता. "मायकडसून माका बेसांव घेवन ये. माका चलाक जमणा नाय. तुझ्या डोक्यार दिल्यान तरी पुरे. मी तिच्यार रागान नाय. तिका सांग, मी मागतंय."

मी म्हटलं, "बघतंय."

तसबीर छातीशी धरून मी घरी आले. आईने विचारलं, "कशी आसा ती?" मी म्हटलं, "आसा." आईने पुढे काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. येशूला टेबलावर ठेवला, फुलं घातली, मेणबत्ती लावली. संध्याकाळी माळ झाली. मी आईपुढे वाकून माझा बेसांव घेतला आणि भात वाढला.

विसरले असते तर वेगळी गोष्ट. मी विसरले नव्हते. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं आणि मी ते गिळत होते, आणि गिळताना मला आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटत होतं. आयुष्यभर मी कुणाची थोरली नव्हते, माझ्यापुढे बेसांव मागायला कुणी वाकलं नव्हतं. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे काहीतरी मागत होतं आणि ते देणं न देणं माझ्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी रविवारी, म्हणजे दयेच्याच सणाला, मी तसबीर चर्चला परत न्यायला निघाले. वहिनीच्या घरावरूनच रस्ता. बहीण फाटकाशी वाट बघत उभी होती. तिने विचारलं, "काय म्हणाली माय?"

येशू माझ्या काखेत होता. मी म्हटलं, "नाय म्हणता."

दोनच शब्द. मी पुढे चालू लागले. त्या दिवशी चर्चमध्ये वाचन माझ्याकडे होतं आणि सगळ्यांनी नंतर सांगितलं की फार छान वाचलं.

वहिनी गुरुवारी गेली. दफनानंतर बहीण माझ्याजवळ आली आणि शांतपणे म्हणाली, "तिका सांगलंय मी, माय नाय म्हणता म्हणून. काय बोलूक नाय. तोंड भितीकडे केल्यान. मगे पाणी पण घेवक नाय." मी मान हलवली. एवढंच कळलं होतं मला तेव्हा, की मान हलवायची असते.

घरी आले तर आई खुर्चीत ताठ बसलेली. "झाला?" म्हणाली. मी म्हटलं, "झाला." मग एकदम तिच्या तोंडातून आलं, "निरोपसुद्धा धाडूक नाय. मी वाट बघी होतंय. मागल्यान असतो, तर दिलंय असतो. ताठो बघ केवढो. मरताना पण मोडूक नाय."

मी तिथेच सांगायला हवं होतं. मी स्वयंपाकघरात गेले.

पुढचे आठ महिने आईने ते वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. काकीने ऐकलं म्हणजे वाडीने ऐकलं. वहिनी गर्विष्ठ होती, मरतानाही सासूपुढे वाकली नाही, हे पक्कं झालं. तिच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा ठेवली तेव्हा चार माणसं आली. मेलेल्या बाईला आणखी किती मारता येतं ते मी बघत होते, आणि रोज तीनला दया मागत होते. माझा आवाज एकदाही फुटला नाही, याची मला आज घृणा वाटते.

नाताळाच्या आधी मी कुमसाराला, म्हणजे पापकबुलीला, गेले. जाळीपलीकडे तो तरुण फादर. नेहमीची किरकोळ पापं सांगून झाली, मग हे सांगितलं. सगळं, काखेतल्या तसबिरीसकट. मला वाटलं होतं तो हादरेल. तो म्हणाला, "पश्चात्ताप होतो?" मी म्हटलं, "होतो." तो म्हणाला, "त्यांच्या आत्म्यासाठी एक माळ करा." आणि क्षमेचे शब्द म्हणू लागला.

मी त्याला मध्येच थांबवलं. "एवढंच?"

"एवढंच."

"फादर, मी एका मरत्या बाईला तहानलेली ठेवली. आणि एक माळ?"

"तुम्हाला शिक्षा हवी आहे," तो म्हणाला, "म्हणजे हिशेब मिटला असं वाटेल. हा हिशेब मिटणारा नाही. म्हणून तर दया लागते."

मला त्याचा संताप आला. साठीच्या बाईला पोरगेलासा फादर शिकवतोय म्हणून नव्हे. इतकं स्वस्त मिळतंय म्हणून. दोत्रीनच्या फळ्यावर मी जे इतकी वर्षं लिहीत होते, ते माझ्या पदरात पडलं तेव्हा मला त्याची किळस आली. मला देव कडक हवा होता, माझ्यासारखा. मी विचारलं, "आणि ती? तिला काय मिळालं?"

"देवाचं देवाने दिलं असेल. ते अडवणं तुमच्या हातात नव्हतंच. तुमच्या आईंच्या हातून मिळायचं होतं ते मात्र गेलं. ते मी परत आणू शकत नाही." मग तो म्हणाला, "हे प्रायश्चित्त नाही, मी तसं सांगू शकत नाही. पण आई जिवंत आहेत. त्या एका मेलेल्या बाईबद्दल खोटं बोलतायत आणि त्यांना ते माहीत नाही."

तरी महिना गेला. जानेवारीतल्या एका दुपारी प्रार्थना संपवून बायका गेल्या. आई पडवीत सुपात सुकट निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. निरोप काय होता, मी काय केलं, फाटकाशी काय म्हटलं, भिंतीकडे फिरवलेलं तोंड, न घेतलेलं पाणी. काही सोडलं नाही. आईचे हात थांबले नाहीत. सुकटीतला कचरा ती एकेक करून बाजूला टाकत राहिली.

शेवटी ती म्हणाली, "मागल्यान होतो तर."

"होय."

"तू सांगलंस असतंस, तरी मी दिलंय नसतो."

मी म्हटलं, "माय, तू तर सगळ्यांका सांगतंस, दिलंय असतो म्हणून."

"मेलेल्याक देवक काय जाता?" ती म्हणाली. "जिती होती तेव्हा माझो हात उचललो नसतो. जा आता, चाय ठेव."

हे खरं होतं का, की माझं ओझं हलकं करायला ती तसं बोलली, मला कळलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही, ती त्या पिढीची बाई. मी चहा ठेवला. तेवढ्यात काकी आली, पडवीच्या पायरीवर टेकली आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी करू लागली. मी आतून कप घेऊन येत होते तेव्हा आईचा आवाज ऐकला, खणखणीत, माझ्यासारखा.

"काकी, एक सांगूचा रवला. माझ्या सुनेन निरोप धाडल्यान होतो. बेसांव मागल्यान होतो. मीच नाय म्हटलंय."

काकी पुढे सरकली. "काय सांगतंस? मगे इतके दिवस..."

"खोटा बोललंय. माझ्या तोंडान मी नाय म्हटलंय. ह्या बायन माका सांगल्यान होतो, तिचो काय दोष नाय."

मी कप घेऊन दारात उभी होते. आईने माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, तीन-चार शब्दांचंच. मी कप काकीपुढे ठेवला आणि म्हटलं, "साखर बघ, पुरे काय?"

वर्षानुवर्षं मी मुलांना सांगत आले की येशूने आपल्या सगळ्यांचा दोष स्वतःच्या अंगावर घेतला, आणि मुलं माना डोलवायची, कारण ते वाक्य ऐकायला गोड लागतं. ज्याच्यासाठी घेतला त्याला ते कसं लागतं, हे मी कधी सांगितलं नाही, कारण मला माहीत नव्हतं. ते गोड लागत नाही. शहाऐंशी वर्षांची बाई, जिची वाडीत जरब होती, जिचा बेसांव घ्यायला नवी जोडपी यायची, तिने एका दुपारी ते सगळं सोडलं, आणि मी तिला सोडू दिलं. संध्याकाळपर्यंत काकीने ते वाडीभर पोचवलं. माणसं यायची कमी झाली. कुमसाराला न जाता ती बाई आता सगळ्यांच्या लेखी पापी होती. माझ्याशी मात्र सगळे जास्तच सहानुभूतीने बोलायचे, एवढ्या कठोर आईजवळ ही दिवस कसे काढते म्हणून.

आई फेब्रुवारीत गेली. दफनाला वेंगुर्ल्याची बहीण आली होती. ती का आली ते मला तिला बघताक्षणी कळलं. पेटी खाली सोडल्यावर, सगळे माती घालायला रांगेत उभे असताना, ती खड्ड्याच्या कडेशी आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या भैणीक मरताना बेसांव देवक नाय हिना. देव हिका विचारतलो."

कुणी तिला अडवलं नाही. फादर पुस्तकातून मान वर काढून माझ्याकडे बघू लागला. त्याला सगळं माहीत होतं आणि कुमसारातलं म्हणून त्याला एक शब्दही बोलता येत नव्हता. बोलता येणारं तिथे एकच माणूस होतं. फादरने पुन्हा पुस्तकात मान घातली.

रांगेत पहिली मी होते. मी मूठभर माती घेतली, पेटीवर घातली, आणि मागच्या माणसाला जागा करून दिली.